बायच्या डोंगरातलं पाणी

"नवा पानी दिसला का तोंड मिटाचा. पयला नारळ, मंग बोल."

काशीआय जाऊन बरीच वर्षं झाली, पण झऱ्याकडे उतरताना बुधीला सासूचे हे शब्द अजून ऐकू येत. लग्न होऊन ती आंबेपाड्यावर आली त्याच्या दुसऱ्या सकाळी काशीआयने तिच्या डोक्यावर हंडा दिला आणि तिला इथं आणलं. वर बायचा, पाड्याच्या देवीचा, डोंगर, त्याच्या पायाशी काळ्या कातळाला पडलेली आडवी भेग, आणि भेगेतून मनगटाएवढी धार. थंडीत त्या धारेवर वाफ यायची, वैशाखात तिच्याखाली हात धरला तर बोटं बधिर व्हायची. सासू म्हणाली होती की पाणी लाजरं असतं. कुठं नवं फुटलं आणि माणूस ओरडला, की आल्या वाटेने मागं फिरतं. ज्याने बघितलं त्याने तिथंच नारळ द्यायचा, मग जगाला सांगायचं. तोवर घरच्यांनाही नाही. आणि हंडा भरला की पहिला तांब्या परत कातळावर ओतायचा. तो कधी चुकवणार नाही, असं बुधीने सासूच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं.

चुकवला नव्हता. अंगात ताप असला तरी ती जायची. तांब्या ओतायची, ओलं बोट कपाळाला लावायची, आणि मग बाकीच्या बाया रांगेत हंडे ठेवायच्या. त्या धारेवर पाड्याची तहान भागे, आणि उरलेल्यावर भात काढल्यानंतर पेरलेले वालाचे तुकडे भिजत.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला रेल्वेचा बोगदा सुरू झाला तेव्हापासून बुधीच्या नवऱ्याला, सुकाला, बोईसरला जावं लागत नव्हतं. तिथल्या रंगाच्या कारखान्यात असताना त्याच्या नखांतला निळा कधी गेला नाही. चारचौघांत जेवायला बसला की तो हात मांडीखाली लपवायचा. बोगद्यातून तो राखाडी होऊन येई, पण ती राख धुतली की जाई. खिंडीतून चढून पलीकडे उतरलं की बोगद्याचं तोंड. पायी जाऊन पायी यायचा.

आतलं तो फार सांगत नसे. कधी बापाशी बोलता बोलता निघे. म्हातारा जिव्या चुलीशी बसून विचारायचा, डोंगराचं पोट कसं दिसतं रे. सुका सांगायचा की काळ्या दगडाचे थर एकावर एक, भाकऱ्या रचल्यासारखे. मशीन लांब हात करून दगडाला भोकं पाडतं, भोकांत दारू भरतात, सगळे मागं येतात, आणि उडवलं की पायाखालची जमीन गाईच्या कातड्यासारखी थरथरते. मग सगळं थांबतं आणि धूर निघून जाईपर्यंत कोणी बोलत नाही. "तवा वाटतं, कोनीतरी आयकत हाय," एवढं म्हणून तो उठायचा.

बोगद्यावर दगड बघायला एक बाई होती, कीर्ती. किनाऱ्यावरच्या माहीम गावची, तिथं तिच्या घरची वाडी होती. नवा दगड उघडा पडला की ती हातोडी घेऊन पुढं जायची, ठोकून बघायची, चित्र काढायची. तिचा एक नेम होता. पाळी बदलताना आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला ती तोंडावर विचारायची. ओल दिसली? ठिबक? आवाज? काहीही असलं तरी सांगा, मी रागावणार नाही. माणसं हसून नाही म्हणायची आणि टोप्या काढायची.

पौषातल्या एका संध्याकाळी सुका घरी आला, पाय धुतले आणि दारातच बसून राहिला. बुधीने ताटात भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, बोटांत फिरवला आणि तसाच ठेवला.

"नारळ हाय का घरात?"

बुधीचा हात पळीवरच थांबला. जिव्याने मान वर केली, मुलाकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घालून निखारे हलवू लागला. घरात लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, देवाचा दिवस नव्हता. तिघांनाही कळलं आणि तिघांपैकी कोणी काही बोललं नाही. घरात नारळ नव्हता. बुधी म्हणाली, उद्या इंदुबाईच्या दुकानातून आणून दुपारच्या आत बोगद्याच्या गेटवर देते. सुकाने मान हलवली. मग भाकरी खाल्ली, पण पाहुण्याच्या घरी खावी तशी.

सकाळी तो गेला आणि बुधी हंडा घेऊन उतरली. थंडी होती, गवत ओलं होतं, पण धारेवर वाफ नव्हती. जवळ गेल्यावर दिसलं, धार बोटाएवढी झाली होती. हंडा भरेना. शेवटी भरला तेव्हा तिने वाकून बघितलं, तर पाण्याला लाल झाक होती, पायाला लावायच्या गेरूसारखी. तिने पहिला तांब्या ओतला तो कातळावरून लाल ओघळ होऊन उतरला.

काशीआयच्या सासूच्याही आठवणीत हे पाणी कधी गढूळ झालं नव्हतं. डोंगराच्या या अंगाला काल काही झालं नव्हतं. जे झालं ते पलीकडे. परसातल्या भाजीला पाणी न्यायला आणलेली प्लास्टिकची बाटली बरोबर होती, ती तिने भरून घेतली. कशाला घेतली, हे तिलाही त्या वेळी सांगता आलं नसतं.

इंदुबाईच्या दुकानात नारळ संपले होते. ती नाक्यावरून माल घेऊन येईपर्यंत बुधी पायरीवर बसून राहिली. इंदुबाईने नारळ हातात दिला पण लगेच सोडला नाही.

"कोनाच्या दारी पानी आला गो?" ती हसून म्हणाली.

बुधीने ओठ मिटले, नारळ ओढून घेतला आणि खिंडीची वाट धरली. चढताना तिने दोनदा पायाखालच्या कातळाला हात लावून बघितला. उन्हाने तापायला लागलेला साधा कातळ. आत काय चाललं असेल याचा वरती काही पत्ता नव्हता. एवढा मोठा देव, आणि अंगावर माणूस चालतो तर हूं नाही चूं नाही.

बोगद्याच्या गेटवर धर्मेश नावाचा झारखंडकडचा राखणदार होता. सुकाला तो ओळखत होता. नारळ बघून हात जोडून म्हणाला, पूजा का है क्या भाभी, अभी अंदर नहीं जा सकता, ब्लास्टिंग की तैयारी चालू है. ब्लास्ट के बाद गाड़ी जाएगी, उसमें भेज दूँगा. आणि त्याने हात पुढं केला.

बुधीने नारळ दिला नाही. ती बोगद्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. एवढं मोठं तोंड की आंबेपाडा उचलून आत ठेवला असता. आतून गार वारा येत होता आणि त्याला झऱ्याचा वास होता. ओल्या कातळाचा, शेवाळाचा, तिने रोज पहाटे ज्याच्यात तोंड धुतलं तो वास. तो इथं, डोंगराच्या पाठीला, कुठून आला? तिला काशीआयचा हात आठवला, हाडं वर आलेला, तिच्या हातावर ठेवलेला. आत दगडाला भोकं पाडून दारू भरत होते. भरणाऱ्यांत तिचा नवरा होता आणि त्याने पाणी बघितलं होतं, आणि तो बोलणार नव्हता, कारण नारळ तिच्या हातात होता.

नारळ देईन, बाय, ती मनात म्हणाली. उशिरा देईन पण देईन.

मग तिने धर्मेशला कीर्तीबाईंना बोलवायला सांगितलं. ती सारखी तेच म्हणत राहिली तेव्हा त्याने बोलावलं.

कीर्ती डब्यातून बाहेर आली, लोखंडी डबाच होता तो ऑफिस म्हणून ठेवलेला. बुधीने बाटली पुढं केली.

"हा आमच्या झऱ्याचा पानी हाय. आज असा आला. आन माझ्या घरवाल्यानं आत पानी बघला हाय."

कीर्तीने बाटली उन्हात धरली. तळाशी लाल गाळ बसायला लागला होता. ती म्हणाली, सुकाला मी सकाळी विचारलं, तो नाही म्हणाला.

"बोलनार नाय. नारळ दिल्याबिगर आमी बोलत नाय. नारळ हा बघा, माझ्याकडं हाय."

कीर्तीने नारळाकडे बघितलं, बुधीच्या तोंडाकडे बघितलं. खांद्यावरचा वायरलेस ओढून ती हळू आवाजात, पण शब्द न शब्द सुटा करून म्हणाली, भोकं तशीच सोडा, सगळे बाहेर या, मशीन तिथंच राहू दे. पलीकडून कोणीतरी वाद घातला. तिने तेच पुन्हा सांगितलं.

भोंगा वाजला. आतून माणसं आली, आधी चालत, बडबडत, अर्ध्या कामावरून उठवल्याची कुरकुर करत. मग त्यांच्या मागची पळत आली. सुका सगळ्यांत शेवटी होता. गेटपाशी बुधीला बघून तो थांबला, तिच्या हातात नारळ आणि शेजारी कीर्ती बघितली, आणि काय झालं ते त्याला कळलं. तो काही बोलणार एवढ्यात आतला वारा थांबला.

भोंगाही थांबला होता. झाडावरचे पक्षी गप्प झाले, असं नंतर धर्मेश सांगायचा. मग आतून मोठा वारा आला, गार, दाराएवढा नाही, डोंगराएवढा, आणि त्याच्यामागून आवाज. गडगडाट नव्हे, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने खोल श्वास सोडावा तसा, फक्त तो संपतच नव्हता. आणि पाणी आलं. आधी लाल, चिखलासारखं दाट, दगड लोटत. बैलगाडीएवढा धोंडा असा सहज पुढं आला की जणू चालत आला. लांब हातांचं ते मशीन आतून आडवं फिरून तोंडाशी येऊन अडकलं. माणसं टेकाडावर चढली. कोणी राम राम म्हणत होतं, कोणी आईचं नाव घेत होतं. बुधी वर चढली नाही. बाजूच्या खडीच्या ढिगावर ती गुडघ्यांवर बसली आणि तिने कपाळ जमिनीला टेकलं. नारळ तिच्या हातातून सुटला, घरंगळत पाण्यात गेला, एकदा बुडाला, वर आला, आणि ओढ्याच्या दिशेने डुलत निघून गेला. शेंडी शेवटपर्यंत दिसत होती.

कोणी मेलं नाही. कीर्ती प्रत्येकाला हात लावून मोजत फिरली.

दुसऱ्या दिवशी बोगद्यातून येणारं पाणी निवळलं. इतकं निवळ की तळातला खडान् खडा दिसे. त्यातून काळी पानं वाहत आली, कुठल्या कुठल्या पावसात डोंगराच्या माथ्यावरून आत गेलेली, जाळीदार, हातात घेतली तर विरणारी. बोगद्यावरची परगावची माणसं ती बघायला उकिडवी बसायची. आणि बायच्या डोंगराच्या या अंगाला कातळातली भेग कोरडी पडली. वालाच्या शेंगा वेलावरच सुरकुतल्या.

भेग कोरडी पडली त्या संध्याकाळी सुका म्हणाला, "नारळाच्या आदी तोंड उघाडलास. त्यानं पानी गेला."

बुधी तवा पुसत होती. "पानी गेला," ती म्हणाली. "तू आलास."

त्या दिवसापासून त्याने तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. जेवताना उठून स्वतः माठातून पेला बुडवून घ्यायचा. पाड्यावर हे लपून राहत नाही. एकदा फक्त, बापापाशी बसला असताना, तो खाली बघून म्हणाला की ठिबक लाल होता, बाईच्या अडचणीसारखा, बाप्या मानसानं कसा बोलावा. बुधीने ते दाराआडून ऐकलं.

गावच्या माणसांनी कोळगावच्या कलेक्टर कचेरीत हेलपाटे घातल्यावर टँकर यायला लागला. बाया हंडे लावायच्या आणि बुधीचा हंडा कोणीतरी पायाने मागं सारायचं. इंदुबाई म्हणायची, हिला पानी कशाला, ही तर बोलून झरे आटवते. सगळ्यांच्या नंतर, टँकरच्या तळाचा गंजका वास आलेलं पाणी बुधीच्या हंड्यात पडे. त्यातला पहिला तांब्या ती कातळावर नेऊन ओतायची. कोरडा कातळ ते लगेच पिऊन टाकायचा. दगडाला पाजते, असं म्हणून पोरंही हसायची.

नारळाचा वाद तर होळी जवळ आली तरी मिटला नव्हता. न फोडलेला नारळ दिलेला धरायचा की नाही? सगळे जिव्याला विचारायला यायचे, कारण त्याच्या बापाला देवाची कामं ठाऊक होती. जिव्या बिडी विझवून म्हणाला, "पान्यानं आपला नारळ आपन नेला. मोजनारे तुमी कोन?" लोक हसले, पण बुधीच्या हंड्याला कोणी पुढं घेतलं नाही.

मग कीर्ती आली, खिंडीतून चालत, एकटी. बुधीने तिला झऱ्यापाशी नेलं. भेगेत हात घालून, दगडाला गाल लावून ती बराच वेळ बसली. नंतर तिने समजावलं. काळ्या दगडाच्या दोन थरांत लाल मातीचा थर आहे, भिजला की लोण्यासारखा होतो. त्याच्यामागं भेगांत डोंगराचं सगळं पाणी कोंडून बसलं होतं, आणि झऱ्याची वाट तिथूनच आहे. वरच्या साहेबांचं म्हणणं होतं की पाणी पाइपाने ओढ्यात सोडून द्यावं. ती भांडली होती. आता आत पातळ कालवलेल्या सिमेंटचं दूध दाबून बोगद्यात फुटलेली भेग बुजवायची ठरली होती. बुजली तर पाणी कदाचित जुन्या वाटेला लागेल.

"येईलच असं मी सांगत नाही, बुधीताई. आणि एक भीती आहे. दूध जास्त दाबलं गेलं तर ते इथून निघेल आणि हे तोंडच कायमचं बंद होईल. म्हणून रोज बघायचं. ओल दिसली, पांढरं दिसलं, काहीही, दिसल्या दिसल्या मला येऊन सांगायचं. लगेच."

झऱ्याच्या खळग्यात फोनला रेंज नव्हती, आणि फोनही सुकाच्या खिशात असे. बुधीने विचारलं, आणि नारळ?

कीर्तीने सांगितलं, माहीमला त्यांच्या विहिरीला नवा झरा लागला तेव्हा तिच्या आजीने त्यात साखर टाकली होती. मग म्हणाली, "नारळ द्या. पण नारळ आणायला जाऊ नका."

बुधीने कातळावर हात ठेवला. "सांगन. पयली तुमालाच."

ती उठून थेट इंदुबाईच्या दुकानात गेली. नारळ वर टांगलेले दिसत होते. इंदुबाई त्यांच्याखाली उभी राहून म्हणाली, संपले. बुधी हात पुसत परत आली. रात्री जेवताना तिने म्हाताऱ्याला एवढंच सांगितलं की कीर्तीबाईंना काय कबूल केलंय आणि नारळ मिळाला नाही. सुका भिंतीला टेकून बसला होता, त्याने ऐकलं की नाही कळलं नाही.

बोगद्यात दूध दाबायला सुरुवात झाली. सुका त्याच टोळीत होता. संध्याकाळी तो पांढरा होऊन यायचा. एके दिवशी उशीर करून आला, हातात पिशवी. कोपऱ्यात बुधीचा रिकामा हंडा होता. त्याने पिशवीतून नारळ काढला, शेंडी नीट धरून हळूच हंड्यात ठेवला. हंडा वाजला. चुलीपाशी बुधीने मान वळवली नाही. तो जेवायला बसला, आणि बसल्या बसल्या रिकामा पेला त्याने तिच्याकडे सरकवला. तिने पाणी ओतून दिलं. तो प्यायला.

त्यानंतर रोज पहाटे बुधी टँकरच्या पाण्याचा तांब्या आणि हंड्यात नारळ घेऊन उतरायची, तांब्या ओतायची, भेगेवरून हात फिरवायची, आणि नारळ तसाच परत आणायची. शेंडी वाळून तिचे तंतू हंड्यात गळायला लागले.

मोहाची फुलं पडायला लागली होती. त्या पहाटे तिने तांब्या ओतला. पाणी कातळाने पिऊन टाकलं, नेहमीसारखं. तिने हात फिरवला. भेगेच्या डाव्या टोकाला, जिथं तिने पाणी ओतलं नव्हतं, तिथं बोटांना गार लागलं. तिने हात काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा गार. मग ती वाकून बघत राहिली, श्वास सोडला तरी चूक होईल अशी. काळ्या दगडातून एक थेंब वर आला, फुगला, थरथरला, त्यात उजाडतं आभाळ उलटं दिसलं, आणि तो खाली पडला. त्याच्यामागं दुसरा. तिने तिसरा तळहातावर घेतला. पांढरा नव्हता. लालही नव्हता. झऱ्याचा वास होता.

तिचे डोळे भरून आले, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही. नारळ हंड्यातून घेतला आणि कातळावर फोडला. नारळाचं पाणी त्या ओल्या टोकावर पडलं. तिने ओलं बोट कपाळाला लावलं. एक भकल तिने भेगेत ठेवलं, दुसरं पदरात बांधलं. हंडा तिथंच उपडा घातला.

वाटेवर इंदुबाई भेटली, मोह वेचायला निघालेली, कमरेला टोपली. तिने पदरातलं भकल बघितलं, बुधीचं ओलं कपाळ बघितलं, आणि तिचं हसणं अर्ध्यावर राहिलं.

"काय गो," ती हळूच म्हणाली, "आला का?"

बुधीने तिच्या टोपलीला हात लावला, नमस्कार केल्यासारखा, आणि पहिलं कीर्तीबाईंनाच सांगायला ओठ मिटून खिंड चढायला लागली.